जखमी विरोळा चार दिवस सांभाळायचा, तर टब कोरडा हवा

पावसाळा सुरू झाला की आठवड्याला एखादा तरी विरोळा, म्हणजे पाणकाठचा बिनविषारी साप, कोल्हापुरात माझ्याकडे बादलीतून येतो. कधी शियेतून, कधी चिखली-आंबेवाडीकडून, कधी शिरोळकडच्या मळ्यातून. गोष्ट बहुतेक वेळा तीच असते. तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या, जाळ्यात साप अडकलेला दिसतो, कुणीतरी कळवळ्यानं तो सोडवतो, अंगावर जखम दिसते म्हणून लगेच नदीत सोडायचं धाडस होत नाही, आणि ‘पाण्यातला साप आहे’ म्हणून त्याला काठोकाठ भरलेल्या बादलीत ठेवलं जातं. वर फरशीचा तुकडा. चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो, “दादा, त्यो काय खाईना झालाय. पोटाला फोड आल्यात बघा.”

ते फोड जाळ्याचे नसतात, बादलीचे असतात. विरोळा पाण्यात शिकार करतो, पण राहतो काठावर. भिजला की दगडावर, गवतात, बांधाच्या फटीत येऊन अंग सुकवतो. ती कोरडी जागा काढून घेतली की पोटाखालचे खवले मऊ पडतात, त्यांच्याखाली पाणी धरतं आणि कातडी सडायला लागते. जाळ्याची जखम बरी होत येते आणि साप फोडांनी जातो. सुरुवातीच्या काळात मीही असा एक साप घालवला आहे. रंकाळ्याकडून आलेला, दीड हात लांबीचा. त्याला रोज ताजं पाणी भरत होतो आणि आपण सेवा करतोय असं समजत होतो.

पुढची पद्धत वन विभागाच्या परवानगीनं काम करणाऱ्या सर्पमित्रांसाठी आणि त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिली आहे. घरात हौसेनं साप पाळण्यासाठी नाही. विरोळ्याला कोल्हापूरच्या गावांत इरुळाही म्हणतात, काही ठिकाणी दिवड म्हणतात. साप तोच.

## १. आधी फोन, मग टब

विरोळ्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. तो बिनविषारी आहे म्हणून पाळता येतो, हा समज साफ चुकीचा आहे. कारण कोणतंही असो, वन्यप्राणी तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत वन विभागाच्या अधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी ४८ तास थांबत नाही. साप टबात जायच्या आधी फोन करतो. वनरक्षकाचा नंबर जवळ नसेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

फोन झाला की वहीत लिहा: तारीख, वेळ, नेमकी जागा, साप कुणी दिला, कशात अडकला होता. जागा लिहिताना ‘पंचगंगा’ एवढंच लिहू नका. ‘राजाराम बंधाऱ्याच्या खाली, बावड्याच्या बाजूनं, मोटारीच्या पाइपाजवळ’ असं लिहा. साप परत तिथंच सोडायचा आहे, आणि चार दिवसांनी ती जागा तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला शोधावी लागू शकते.

त्याच पानावर सोडायची अंदाजे तारीखही टाका. आधी टाकली नाही तर ‘अजून दोन दिवस बघू’ करत पंधरा दिवस होतात.

थांबा: जखम नसेल, साप चपळ असेल, जाळ्यातून सहज मोकळा झाला असेल, तर त्याला आणूच नका. वनरक्षकाला फोनवर सांगून तिथल्या तिथं, काठाच्या गवतात सोडून द्या. माझ्याकडे आलेल्या सापांपैकी बऱ्याच जणांना टबाची गरजच नव्हती.

## २. हा विरोळाच आहे ना?

पाण्यात दिसला म्हणजे पाण्यातला साप, असं होत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नाग, घोणस, धामण सगळेच पोहत घराच्या जोत्यावर, झाडांवर, गोठ्यांच्या पत्र्यांवर आले होते. पुराच्या दिवसांत प्रत्येक साप विषारी आहे असं धरूनच जवळ जा.

विरोळ्याच्या चेहऱ्यावर दोन काळ्या रेघा असतात. एक डोळ्याखालून तिरकी वरच्या ओठाकडे उतरते, दुसरी डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाते. अंग पिवळसर किंवा शेवाळी, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके. खवल्यांच्या मधोमध बारीक कणा असतो, त्यामुळं साप हाताला खरखरीत लागतो. डोळे मोठे, बाहुली गोल.

घोळ दोन ठिकाणी होतो. विरोळा चिडला की मान चपटी करून डोकं उचलतो. लांबून बघणारा ‘नाग’ म्हणतो आणि बिचारा काठीखाली जातो. दुसरी चूक उलटी आणि जिवावरची: घोणशीचं पिल्लू ठिपके बघून ‘इरुळा’ म्हणून हातात घेतलं जातं. घोणशीच्या पाठीवर मोठ्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी साखळीसारख्या जातात, डोकं तिकोनी असतं, अंग आखूड आणि जाड, शेपूट लहान. चिखलानं माखलेल्या सापावर यातलं काहीच नीट दिसत नाही. अशा वेळी लांबूनच मगभर पाणी ओता, चिखल उतरू दे, मग बघा.

तपासणी: डोळ्याजवळच्या दोन रेघा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. फोनवरच्या फोटोवर, दुसऱ्याच्या शब्दावर, ‘आमच्या विहिरीत कायम असतोय’ यावर भरवसा नको.

## ३. सापाला हात लावायच्या आधी टब तयार

साप पिशवीत बांधून ठेवायचा आणि मग टब शोधत फिरायचं, हे सर्रास घडतं. पावसाळा लागायच्या आधी दोन टब तयार करून ठेवा.

झाकणाला दोन्ही बाजूंनी खटके असलेला प्लॅस्टिकचा टब घ्या, साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ३० उंच. मीटरभराच्या विरोळ्याला चार-सहा दिवसांसाठी एवढा पुरतो. आरपार दिसणारा असेल तर तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. समोरून माणसं हलताना दिसली की साप नाक घासत राहतो आणि दोन दिवसांत नाकपुडीजवळचे खवले सोलून निघतात.

हवेची भोकं झाकणावर पाडू नका, टबाच्या आखूड बाजूंना, वरच्या अंगाला पाडा. दोन्हीकडं पाडली की हवा आरपार खेळते. गरम खिळा आतून बाहेर घाला. बाहेरून आत घातला तर वितळलेल्या प्लॅस्टिकची टोकदार कड आत राहते आणि साप तिच्यावर तोंड घासतो. भोक पेन्सिल जाईल एवढंही नको, खिळ्याएवढं पुरे, पण प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस तरी हवीत.

तळाला वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर घाला. उसाचं पाचट, माती, वाळू, भुसा यातलं काही घालू नका. आपल्याकडं पाचट मुबलक, म्हणून पोरं हौसेनं ‘नैसर्गिक’ टब करतात. पण पाचटाला ओल लागली की बुरशी येते, त्यात गोचीड आणि बारीक किडे लपतात, आणि सापानं विष्ठा कधी टाकली तेही कळत नाही. कागदावर सगळं दिसतं. रक्ताचा एक थेंबसुद्धा.

लपायला फुटक्या मडक्याचा अर्धा भाग पालथा घाला. काठ दगडावर घासून बोथट करा. मडकं एवढंच मोठं हवं की साप वेटोळं करून बसला तर त्याचं अंग दोन्ही बाजूंना टेकेल. जागा ऐसपैस दिली की तो अस्वस्थ राहतो.

पाण्यासाठी मातीचं जड परळ. साप त्यात बसला तरी पाणी बाहेर येणार नाही इतपतच, म्हणजे एक तृतीयांश भरा. टबाच्या जमिनीत परळानं व्यापलेली जागा पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. बाकी सगळं कोरडं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे ठेवा.

ऊब एकाच टोकाला द्यायची. गरम टोक २८ ते ३० अंश, थंड टोक २४-२५. कोल्हापुरात पावसाळ्यात खोलीचं तापमान बहुधा चालून जातं. थंडीतल्या पहाटे मात्र ४० वॅटचा बल्ब टबाच्या बाहेर, एका बाजूला, वीतभर अंतरावर लावा. आत बल्ब सोडायचा नाही, साप गुंडाळतो आणि भाजतो. तापमान अंदाजानं नको. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा स्वस्त तापमापक आत ठेवा.

सूचना: टब कधीही उन्हात ठेवू नका, ‘कोवळं ऊन’ म्हणूनही नाही. बंद टब थोड्याच वेळात भट्टीसारखा तापतो आणि सापाला पळायला जागा नसते.

दुसरी सूचना: टब फिनेलनं धुवायचा नाही, त्या खोलीत डासांची कॉइल लावायची नाही, डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. या वासाचा माणसाला फारसा त्रास होत नाही, सापाला होतो. टब साबणानं किंवा पातळ ब्लीचनं धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत खंगाळा आणि उन्हात वाळवा. रिकाम्या टबाला ऊन चांगलंच.

## ४. उचलणं आणि आणणं

विरोळा चावतो. नुसता चावत नाही, धरून ओढतो. बारीक दातांच्या रांगा उमटतात आणि वाटतं त्यापेक्षा जास्त रक्त येतं. शिवाय शेपटीच्या बुडातून घाण वासाचा स्राव सोडतो, तो हाताला दिवसभर राहतो. घाबरून हात झटकला तर त्याचे दात तुटतात आणि तुमची कातडी फाटते. चावला तर हात स्थिर ठेवा, त्याला सोडू द्या. मग साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर घ्या. ओळखीबद्दल तिळभर शंका असेल तर मात्र हा विषारी दंश समजायचा: आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हात न हलवता कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचं. १०८ ला फोन करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेपटीला धरून लोंबकळत उचलणं. धामण, नाग उचलताना शेपूट धरायची सवय लागलेली असते. विरोळ्याची शेपूट तुटते. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि शेपटीचा तुकडा तुमच्या हातात राहतो. पालीसारखी ती परत येत नाही. म्हणून हुकानं अंगाचा मधला भाग उचला, दुसऱ्या हाताचा आधार खालून द्या, डोक्याकडचा भाग मोकळा सोडा.

पिशवी म्हणून सुती उशीचा अभ्रा उत्तम, पण उलटा करून. शिवणीचे सुटे दोरे आत राहिले की दातात आणि खवल्यांत अडकतात. पिशवी चिंब भिजवू नका. ओल्या सुती कापडातून हवा जात नाही. ‘पाण्यातला साप’ म्हणून पिशवी पाण्यातून काढून आणतात आणि घरी पोचेपर्यंत साप गुदमरतो. तोंड बांधल्यावर गाठीच्या खाली धरू नका, कापडातूनही चावतो. पिशवी दुचाकीच्या डिकीत नको, सायलेन्सरजवळ नको. बादलीत ठेवा आणि बादली मागं बसलेल्याच्या मांडीवर.

## ५. जाळं काढणं

हे काम घाईनं केलं की बिघडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सापाचे खवले शेपटीकडं झुकलेले असतात. साप पुढं घुसतो तेव्हा तंगूस खवल्यांवरून सरकतं, मागं ओढलं की खवल्यांच्या कडेखाली शिरतं. त्यामुळं जाळं ओढून निघत नाही, फक्त जास्त रुततं. कोळी मामा म्हणतील, “धरा हिकडनं, मी खेचतो.” त्यांना हात जोडून थांबवा. आणि जाळं त्यांच्या पोटापाण्याचं आहे हेही लक्षात ठेवा. किती कापणार ते आधी सांगा. मी सापाभोवतीचा वीतभर तुकडाच कापून आणतो, उरलेलं जाळं त्यांना दुरुस्त करता येतं. एवढं केलं की पुढच्या वेळी तेच मामा स्वतःहून फोन करतात.

बाकीचं घरी, उजेडात, टेबलावर. दोन माणसं हवीत. एकानं सापाचं डोकं ओल्या, पिळलेल्या रुमालाखाली हलकं धरायचं. दाबायचं नाही. डोळे झाकले की विरोळा बराच शांत होतो. दुसऱ्यानं कापायचं. कात्री बोथट टोकाची, नाहीतर नेलकटर. मला नेलकटर जास्त सोयीचा वाटतो, कारण त्याचं टोक कातडीत घुसत नाही. एक धागा कापा, तो पूर्ण काढा, मग पुढचा. सगळे धागे एकदम कापले तर तुकडे खवल्यांखाली राहून जातात.

एक साप आठवतो, अंगावर नुसती एक पांढरी रेघ दिसत होती. आम्ही जखम भरत आली म्हणून खूश होतो. भिंग घेऊन बघितलं तर रेघ म्हणजे धागाच होता, खवल्यांच्या दोन रांगांमध्ये पूर्ण बसलेला, दोन्ही टोकं कातडीखाली गेलेली. ओला करून, सुईच्या नेढ्याकडच्या टोकानं उचलून काढायला अर्धा तास लागला. त्याखालची कातडी निळी पडली होती. तेव्हापासून भिंग घेऊन आख्खा साप, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत, वरून आणि खालून बघितल्याशिवाय मी काम संपलं असं धरत नाही.

जखम सलाइननं धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून, बिनदुधाच्या फिक्कट चहाच्या रंगाचं झालं की कापसानं लावा. हळद, तेल, कोळशाची भुकटी, माणसांचं वेदनाशामक मलम, यातलं काहीही लावू नका. हळद जखमेवर पापुद्रा धरते आणि खाली पू साठतो.

इथं तुमचं काम संपतं: तोंडात किंवा घशात गळ असेल, आतडं बाहेर आलं असेल, मणका वाकडा वाटत असेल, धाग्याच्या पुढचा भाग काळा पडला असेल, तर घरी प्रयोग नको. वन विभागाला सांगून पशुवैद्याकडे. गळ ओढून काढायचा मोह आवरा.

## ६. पहिले ४८ तास

टबात सोडा, झाकण लावा, वर जाड टॉवेल टाका आणि शांत खोलीत ठेवा. सकाळी पाणी बदलण्यापलीकडं उघडून बघायचं नाही, शेजारच्या मुलांना दाखवायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. खायला काही नाही, फक्त पाणी.

टबात सोडायच्या आधी वजन मात्र घ्या. साप पिशवीत असतानाच स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, मग रिकाम्या पिशवीचं वजा करा. ‘बारीक वाटतोय’ आणि ‘१५ ग्रॅम कमी झाला’ यात फरक आहे.

एका टबात एकच साप. विरोळे एकमेकांशी भांडत नाहीत म्हणून दोन ठेवले जातात. पण एकच मासा दोघांनी दोन टोकांनी धरला तर गिळता गिळता एक साप दुसऱ्याच्या तोंडात जातो.

जाळ्याचा काच बसलेला भाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरा कळतो. पहिल्या दिवशी नुसती सूज असते, नंतर तिथली कातडी जगणार की काळी पडणार ते दिसतं. सोडायची तारीख तिसऱ्या दिवसानंतरची ठेवायचं कारण हे.

## ७. पाणी बदलणं

नळाचं पाणी भांड्यात उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा, क्लोरीनचा वास जातो. परळ रोज सकाळी धुवा, विष्ठा टाकली असेल तर लगेच. कागद ओला दिसला तर तोही बदला. रोज ओला होत असेल तर परळ जास्त भरलंय किंवा हवेची भोकं कमी पडतायत. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरले असतील तर भोकं नक्की कमी आहेत.

साप परळातच बसून राहतोय, बाहेर येतच नाही, असं दिसलं तर ‘पाणी आवडतंय’ म्हणून सोडून देऊ नका. टब जास्त गरम झालाय का बघा, लपायची जागा पुरेशी अरुंद आहे का बघा, अंगावर गोचीड आहेत का बघा. या तिन्हींसाठी विरोळा पाण्यात जाऊन बसतो.

## ८. खायला कधी आणि काय

चार दिवसांत सोडणार असाल तर खायला घालूच नका. पोटभर खाल्लेला निरोगी साप आठवडाभर सहज राहतो, आणि पोटात मासा असताना हाताळला की तो उलटी करतो. दूध तर सापाचं अन्नच नाही. माणसं अजूनही वाटी घेऊन येतात, त्यांना प्रेमानं समजावून परत पाठवा.

मुक्काम आठवड्यावर गेला तर मासे. बेडूक पकडून आणू नका: त्यांच्यातून जंत येतात, आणि एक वन्यजीव वाचवायला दुसरे मारण्यात अर्थ नाही. बोटभर लांबीचे छोटे मासे मत्स्यबीज केंद्रातून किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून घ्या. मासा सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा जाड नको. चिलापी द्यायचा तर पाठीच्या पराचे काटे कात्रीनं छाटून द्या. शिंगट्या कधीच नाही, त्याचा काटा घशात आडवा बसतो.

संध्याकाळी परळात तीन-चार बोटं पाणी घ्या, दोन-तीन मासे सोडा, झाकण लावून खोलीतून निघून जा. उभं राहून बघितलं तर खाणार नाही. सकाळी उरलेले मासे काढा आणि पाणी बदला. खाल्लं असेल तर पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही.

उपचारासाठी काही आठवडे ठेवावा लागला तर एक गोष्ट जपायची. कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व मोडणारा पदार्थ असतो, गोल्डफिश त्यातलाच. सतत तेच मासे दिले, विशेषतः फ्रीजमध्ये गोठवलेले, तर साप थरथरतो, मान वाकडी करतो, उलटा पडला तर सरळ होऊ शकत नाही. गोठवल्यानं तो पदार्थ जात नाही. मासे ८० अंशाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवले तर तो निष्क्रिय होतो. मासे आलटून पालटून द्या आणि जीवनसत्त्वाची मात्रा पशुवैद्याकडूनच ठरवून घ्या.

## ९. रोजची पाहणी

रोज एकदा, सकाळी परळ बदलताना, दोन मिनिटं. त्यापेक्षा जास्त नाही. पोटाखालचे खवले बघा: गुलाबी छटा, पाण्याचा फोड, तपकिरी डाग दिसला तर परळ दिवसातून दोनदा तासभरच ठेवा, बाकी वेळ टब पूर्ण कोरडा, आणि पशुवैद्याला कळवा. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे, पाण्यात एका कुशीवर कलून तरंगणं, ही छातीच्या आजाराची लक्षणं आहेत. तेव्हा फोन दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

डोळे दुधाळ निळे झाले तर घाबरू नका, कात टाकणार आहे. खायला देऊ नका, हाताळू नका, मडक्याखाली ओलसर पिळलेलं फडकं ठेवा. कात पडली की ती उलगडून डोळ्यांवरच्या टोप्या आणि शेपटीचं टोक आलंय का तपासा. जखमेच्या जागी कात चिकटून राहते, ती सोलायची नाही, ओल्या फडक्यातून सापाला स्वतः सरकू द्या.

मादी जाड दिसत असेल, मागच्या भागात अंडी हाताला जाणवत असतील, तर सोडण्याची घाई करा. ती बिळात अंडी घालून राखण करते. टबातच घातली तर अंडी फिरवू नका, जशी आहेत तशी ठेवून वन विभागाला कळवा.

हात प्रत्येक वेळी साबणानं, आधी आणि नंतर. सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. परळ स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

## १०. सोडणं

सोडायच्या आदल्या रात्री वजन परत घ्या आणि पहिल्या आकड्याशी ताडून बघा. जखम कोरडी असावी, साप जीभ काढत असावा, पालथा घातला तर लगेच सरळ व्हावा, हातातून ताकदीनं सुटायला बघावा. चिडलेला विरोळा म्हणजे बरा झालेला विरोळा.

जागा वहीत लिहिलेली तीच. ‘इथं माणसं मारतील’ म्हणून दाजीपूरच्या जंगलात किंवा राधानगरीच्या धरणाकडं नेऊन सोडू नका. अनोळखी जागी त्याला बीळ माहीत नसतं, शिकारीची जागा माहीत नसते, तो भटकत राहतो. शेततळ्याचा मालक तक्रार करत असेल तर त्याच्याशी बोला. पण जागा बदलायची तर ती वन विभागानं सांगायची, आपण ठरवायची नाही.

वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. पूर आलेला असेल तर प्रवाहात नाही, पाणी ओसरण्याची वाट बघा किंवा त्याच काठाच्या वरच्या, न बुडालेल्या बांधावर सोडा. पाण्यात फेकायचं नाही. पिशवी काठापासून दोन हातांवर, गवतात ठेवा, गाठ सोडा, तळाची दोन टोकं धरून हळू उचला आणि मागं व्हा. बरेच विरोळे सरळ पाण्यात जात नाहीत. आधी गवतात थांबतात, डोकं उचलून बघतात, मग एखाद्या दगडाखाली घुसतात. तेवढा वेळ तिथं माणसं, कुत्री येऊ देऊ नका.

घरी येऊन वहीत सोडल्याची वेळ आणि जागा लिहा, वनरक्षकाला कळवा. कागद जाळा, मडकं आणि परळ उकळत्या पाण्यातून काढा, टब धुवून उन्हात पालथा घाला. दुसरा फोन त्याच संध्याकाळी येऊ शकतो, तेव्हा टब कोरडा असलेला बरा.